शैलाची रेघ

अक्काचा फोन आला तेव्हा मी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी भांडत होतो. वॉशर बदलला म्हणून त्यानं सांगितलं होतं आणि नळ टिपकतच होता. एका कानाला फोन लावून मी त्याला झापत राहिलो, आणि पलीकडे अक्का मुकाट ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "विनू, शैला गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. तुझं भांडण झालं की ये." अक्का म्हणजे शैलाची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती शैलाकडेच राहायची, भाट्याचा पूल ओलांडला की लागणाऱ्या त्यांच्या लहानशा घरात. मी रिक्षानं गेलो. शैला खाटेवर कुशीवर निजलेली होती, चष्मा उशीशी घडी करून ठेवलेला. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेतच हृदय थांबलं असावं. अडुसष्ट वर्षांची होती. मी तिला अठराव्या वर्षापासून ओळखत होतो.

तेराव्यानंतर चार दिवसांनी आमच्या कॉलेजनं शोकसभा ठेवली. कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, रत्नागिरीतल्या वाचकाला ते शोधून काढायला फार वेळ लागणार नाही. शैला फणसोपकरनं तिथं प्राणिशास्त्र शिकवलं आणि मी भौतिकशास्त्र. टेबलावर तिचा फोटो होता, ओळखपत्रावरचा मोठा केलेला, त्यामुळे एक कान धूसर झालेला. भाषणं झाली. कॉलेजचं भूषण, विद्यार्थ्यांची माउली, शिस्त आणि साधेपणा... ती जिवंत असताना तिला कधी साध्या सहलीचंही प्रमुख केलं नाही त्यांनी. मग आमच्या वेळचे प्राचार्य उठले. आता त्यांना हाताला धरून उठवावं लागतं. ते मोठ्या मनानं म्हणाले, "संशोधनाच्या बाबतीत मॅडमकडून थोडं पाऊल घसरलं खरं. उत्साहाच्या भरात माणसाला नसलेलंही दिसतं. पण त्यात लबाडी नव्हती, असं मी तरी मानतो." सभेनं माना डोलावल्या. त्यांच्यानंतर माझं नाव पुकारलं, सर्वांत जुना सहकारी म्हणून. मी उभा राहिलो आणि म्हणालो, शैला साधी होती, कष्टाळू होती, आम्हाला तिची उणीव भासेल. तीन वाक्यं. खाली बसलो आणि चहा घेतला. बिस्किटंसुद्धा घेतली.

हा लेख मी त्या तीन वाक्यांच्या लाजेनं लिहितो आहे. शैलानं आपल्या प्रबंधात पुरावाच नसलेली गोष्ट दाखवली, असं तीस वर्षं या गावात मानलं गेलं. कुणी ते हसून म्हटलं, कुणी हळहळून. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे एका माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. तो माणूस मी.

शैला मूळची कालवं खाणाऱ्या घरातली. भाट्याच्या खाडीत ओहोटीला बायका खडकांवर उकिडव्या बसून कालवं फोडतात, ते पाहतच ती वाढली. बी.एस्सी.ला असताना एकदा ती मला तिथं घेऊन गेली. खडकाला चिकटलेलं एक कालव तिनं कोयतीनं उचकटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, उघड. मी नखांनी, मग चावीनं प्रयत्न केला, शिंपला तसूभर हलला नाही. मग तिनं घरून आणलेली बादली खाडीच्या पाण्यानं भरली आणि हात सरळ ठेवून धरायला सांगितली. मिनिटभरात माझा दंड थरथरायला लागला, दोन मिनिटांत बादली खाली. "बघ," ती म्हणाली, "तू दोन मिनिटांत दमलास. हे ओहोटीभर मिटून बसतं. यालाही स्नायूच आहे, तुझ्यासारखाच. मग हा का दमत नाही?" शेजारची कालवं काढणारी बाई कौतुकानं ऐकत होती. शैलानं तिच्याकडून पाटीभर कालवं शिंपल्यासकट मागितली तेव्हा ती म्हणाली, "बाय, खायाची नायत तं नेतेस कशाला?" शैला म्हणाली, आत काय आहे ते बघायचंय. "आत काय असनार? कालव," बाई म्हणाली. शैलाला ते इतकं आवडलं की पुढं कुणी तिच्या संशोधनाबद्दल विचारलं की ती हेच उत्तर द्यायची.

तो एकच प्रश्न तिनं आयुष्यभर धरून ठेवला. शिंपल्याची दोन झाकणं ओढून धरणारा बोटाच्या पेराएवढा स्नायू असतो. त्याच्या पेशींमध्ये प्रथिनांचे तंतू असतात. साध्या सूक्ष्मदर्शकातून त्यांची आतली बांधणी दिसत नाही. मात्र क्ष-किरणांचा बारीक झोत त्यातून सोडला, तर तंतूंमध्ये तीच तीच रचना ज्या अंतरानं पुन्हा येते त्याप्रमाणे किरण ठरावीक दिशांना वळतात, आणि मागं ठेवलेल्या फिल्मवर ठिपके नि रेघा उमटतात. ठिपक्यांची अंतरं मोजायची आणि गणितानं उलटं जात जात तंतूची बांधणी ओळखायची. तिनं मुंबईतल्या एका मार्गदर्शकांकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. आणि नेमकं त्याच सुमाराला मुंबईच्याच एका संस्थेनं मोडीत काढलेलं क्ष-किरण यंत्र आमच्या विभागाला मिळालं. त्या यंत्राचा ताबा माझ्याकडे होता. माझं काम मिठासारख्या स्फटिकांचे फोटो काढून विद्यार्थ्यांना दाखवण्याचं. यंत्राचं खरं काम केलं ते तिनं.

यंत्र प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत होतं. कॉलेज उघडलं की चालू करायचं, सुटलं की बंद. वीज गेली की थांबायचं. असे दिवसादिवसांचे तास जोडत एका फिल्मला तीसेक तास द्यावे लागत. शिपाई त्या खोलीवरून जाताना पलीकडच्या भिंतीला घासून जायचे. शैलानं लग्न केलं नाही त्याचा संबंधही कॉमन रूममध्ये त्या यंत्राशी जोडला जाई, आणि चहा पिता पिता हसणाऱ्यांत मीही असे. कालवांचा वास मात्र खरोखरच यायचा. रसायनशास्त्राच्या फ्रीजमध्ये तिच्या डब्यावर कुणीतरी कागद चिकटवला होता, "जेवण नव्हे." तिनं त्याखाली लिहिलं, "अजून नाही."

माझं यंत्र कठीण नव्हतं, कठीण होतं तिचं काम. तंतू सगळे एका दिशेनं लागले तरच ठिपके मिळतात, अस्ताव्यस्त असले तर फिल्मवर नुसती गोल कडी येतात. स्नायूचा दोऱ्याएवढा पदर काढायचा, दोन्ही टोकांना रेशमाचा धागा बांधून ताणायचा, काचेच्या केसाएवढ्या नळीत घालायचा आणि हळूहळू वाळू द्यायचा. आमच्याकडच्या जुलैत. अक्का म्हणायची, "इथं पापड वाळत नाहीत, तुझं कालव कुठून वाळायला?" पहिल्या पावसाळ्यातले सगळे नमुने कुजले. मग शैलानं वेगवेगळ्या क्षारांची दाट द्रावणं काचेच्या बंद पेटीत ठेवून हवेचा दमटपणा हवा तेवढा राखायची युक्ती बसवली. कुठल्या क्षारावर हवा किती ओली राहते याचा तक्ता तिनं भिंतीवर लावला होता. एक नमुना तयार व्हायला आठवडा जायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, जरा पंख्याखाली ठेव, जरा ओढून घे. ती म्हणाली, "ओढून सरळ केला तर तुटतो. वेळ दिला की आपला आपण सरळ होतो. मला घाई नाही." मला तिच्या या बोलण्याचा राग यायचा. घाई नसलेल्या माणसांबरोबर काम करणं हा एक छळच असतो.

आता फिल्मांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच आहे. ती पेटीत एकामागं एक अशा दोन फिल्म ठेवायची. मागच्या फिल्मवर ठळक ठिपके स्वच्छ उमटत, मोजमापाला सोयीचे. पुढची फिल्म मात्र ती मुद्दाम इतका वेळ ठेवायची की ती जवळजवळ काळी पडे. मधले ठळक ठिपके त्यात करपून जात, पण कडेचे अगदी फिके ठिपके तेवढ्या वेळातच काय ते उमटत. काळी फिल्म नुसती पाहिली तर टाकाऊ वाटायची. जोरदार दिव्यावर धरली, डोळा सरावला, की मग त्यात काय आहे ते दिसे. हे तिनं मला समजावून सांगितलं होतं. एकदा नव्हे, दोनदा.

एके दिवशी ती माझ्या प्रयोगशाळेत आली ती ओली फिल्म हातात घेऊन, फरशीवर थेंब पाडत. शिंपला घट्ट मिटलेल्या अवस्थेत वाळवलेल्या स्नायूच्या फिल्मवर कडेला एक फिकी रेघ होती. शिंपला सैल असतानाच्या स्नायूत ती नव्हती. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाच कालवं, पाचही वेळा. तिचं म्हणणं असं की मिटल्यावर तंतू एकमेकांना एका ठरावीक रचनेत अडकवून घेतात आणि मग धरून ठेवायला वेगळं बळ लागत नाही, म्हणून कालव दमत नाही. "हे बघ," ती म्हणाली. तिचा आवाज मी तसा पूर्वी ऐकला नव्हता. माझी प्रात्यक्षिक परीक्षेची मांडामांड चालली होती. मी फिल्म घेतली, ट्यूबलाइटकडे धरली. ट्यूबलाइट त्या कामाला पुरत नाही, हे मला कळत होतं. "दिसतेय?" तिनं विचारलं. "हो, आहे काहीतरी," मी म्हणालो. मला काहीच दिसलं नव्हतं. मी नीट पाहिलंच नव्हतं. उद्या सावकाश बघू म्हटलं... आणि ते उद्या मी कधी आणलं नाही.

त्या वर्षी सूर्यग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास. प्राचार्यांच्या डोक्यात आलं की आसपासच्या शाळांना बोलवायचं, कॉलेजच्या मैदानावर ग्रहण दाखवायचं, पेपरात फोटो येईल. बघायला पुठ्ठ्याचे चष्मे हवेत. तेव्हा सगळीकडे क्ष-किरणाच्या जुन्या फिल्मचे तुकडे लावून चष्मे करत. आता सांगतात की तसं करू नये. एका दवाखान्यातून जुन्या फिल्मांचा गठ्ठा येणार होता, तो आला आणि त्यातल्या निम्म्या फिल्म फिकट निघाल्या. चष्मे अर्धेच झाले. दोन दिवस उरले होते. प्राचार्य मला म्हणाले, "तुमच्याकडे ते यंत्र आहे ना? मग फिल्मा असतीलच." शैला मुंबईला गेली होती, मार्गदर्शकांना शेवटचं प्रकरण दाखवायला, मोजमापं आणि मागच्या स्वच्छ फिल्म घेऊन. डार्करूमच्या फळीवर पुढच्या फिल्मांचा खोका होता. मी तो उघडला. एकापेक्षा एक काळ्या. मी त्यातली एक खिडकीतून सूर्याकडे धरून पाहिली, तर ग्रहण बघायला त्याहून चांगली वस्तू मिळाली नसती.

मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला सांगितलेलं होतं. त्या क्षणी ते आठवलं नाही, की आठवूनही हात थांबला नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता खरं उत्तर राहिलेलंच नाही. चांगल्या फिल्म ती घेऊन गेली, या उरलेल्या, असं काहीतरी मनात आलं असावं. तिला विचारायला हवं होतं, पण विचारायचं म्हणजे मुंबईला फोन लावायचा, आणि ती नाही म्हणाली असती तर प्राचार्यांना तोंड दाखवायचं. मी कात्री घेतली. सगळा खोका कापला. पुठ्ठे, स्टेपलर, दोन दुपारी. प्राचार्यांनी पाठ थोपटली.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी शैला मुंबईच्या एसटीतून उतरून थेट मैदानावर आली, खांद्याला पिशवी तशीच. ती खुशीत होती. मार्गदर्शकांना प्रकरण पटलं होतं. मीच तिच्या हातात चष्मा दिला. तिनं तो डोळ्यांना लावला नाही. हात लांब करून आकाशापुढे धरला आणि बघत राहिली. मग उलटा करून पाहिला. बराच वेळ गेला असावा, कारण शेजारची शाळेतली मुलगी "बाई, मला" म्हणून तिचा पदर ओढायला लागली. शैलानं चष्मा तिला दिला. मला म्हणाली, "छान झालाय," आणि घरी गेली. ग्रहण सुटायच्या आधीच. प्रवासानं दमली असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं वाटून घेतलं. तिला कळलं नसावं, असंच मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलो.

दीडेक महिन्यानं मार्गदर्शकांचं पत्र आलं. परीक्षकाला ती रेघ पटत नव्हती, मूळ फिल्म पाठव असं त्यांचं म्हणणं होतं. शैला ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. खोका कुठं दिसतो का बघू, म्हणाली. आम्ही दोघांनी मिळून डार्करूम शोधली, माझी कपाटं, तिची कपाटं, अडगळीची खोली. मी स्टुलावर चढून वरची फळकुटं पाहिली, धूळ झटकली. कात्रणं ग्रहणाच्या आदल्याच दिवशी कचऱ्यात गेलेली होती, आणि मी फळकुटं पाहत होतो. संध्याकाळी ती म्हणाली, "नाही सापडत." मी म्हणालो, "नाही ना." तिनं मार्गदर्शकांना कळवलं, फिल्म उपलब्ध नाहीत. त्यांनी उलट लिहिलं की मग ते प्रकरण काढून टाक, उरलेल्या कामावर पदवी मिळेल. तिनं नकार दिला. जे दिसलं ते दिसलं, म्हणाली. प्रबंध परत आला.

पुन्हा करायचं तर यंत्र हवं. तिनं नवे नमुने लावलेही होते, पण तेवढ्यात यंत्राची नळी जळाली आणि कॉलेजनं नवी आणली नाही. संशयाचं वातावरण होतं ना. मुंबईहून कुणीतरी प्राचार्यांच्या कानावर घातलं होतं की तुमच्या मॅडमनी रेघ मनानं काढली. त्यांनी तिघांची चौकशी समिती नेमली, स्वतः अध्यक्ष. यंत्राचा ताबा माझ्याकडे, म्हणून मला बोलावलं. शैला समोरच बसली होती. प्राचार्यांनी विचारलं, "सर, तुम्ही त्या फिल्म प्रत्यक्ष पाहिल्यात?" त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. मी म्हणालो, "मी यंत्र चालवत होतो. फिल्म मॅडमच्या ताब्यात असायच्या." या वाक्यात शोधून एक शब्द खोटा सापडणार नाही. मी ते घरून तयार करून आणलं होतं. शैलानं माझ्याकडे पाहिलं नाही, ती टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होती. तिला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का, तर ती म्हणाली, "मला नाही."

पुढच्या जूनमध्ये मी विभागप्रमुख झालो. ती निवृत्त होईपर्यंत जिथं होती तिथंच राहिली. पीएच.डी. नाही, बढती नाही, आणि दरवर्षी नव्या येणाऱ्या प्राध्यापकाला कुणीतरी चहाच्या टेबलावर तिची रेघ सांगणार. यंत्र पुढं सुरक्षिततेच्या कारणानं उचलून नेलं. तिनं त्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ठेवली. कालवांवर ती शिकवायची तेव्हा मुलं खिडक्यांबाहेर उभी राहून ऐकत, आणि हे मी शोकसभेत सांगू शकलो असतो, पण तेही सांगितलं नाही.

ती बरोबर होती का? मला माहीत नाही. कदाचित ती रेघ तंतूंची नसेल, वाळवण्यात काही बिघडलं असेल, पाच वेळा सारखंच बिघडलं असेल. शास्त्रात तसं होतं. पण तपासून चूक ठरणं वेगळं आणि लबाड ठरणं वेगळं. चूक ठरायचा तिचा हक्कदेखील मी कात्रीनं कापला. 'फिल्म मी कापल्या', माझी एवढी एकच ओळ प्राचार्यांनी ऐकायला हवी होती... आणि मी ती बोललो नाही, कारण मला एक खुर्ची हवी होती. त्या खुर्चीचा एक हात मोडका होता. नऊ वर्षं बसलो तिच्यावर.

आणि ज्याची कुणाला कल्पना येणार नाही अशी गोष्ट म्हणजे आमची मैत्री तुटली नाही. दर रविवारी चार वाजता मी त्यांच्याकडे चहाला जात राहिलो. बायको होती तोवर अधूनमधून तीही यायची, ती गेल्यावर मी एकटा. आम्ही निवडणुकांवर बोलायचो, माशांच्या भावांवर, माझ्या गुडघ्यांवर. ती कधी त्या विषयावर आली नाही. मला वाटायचं, विसरली. मग वाटायचं, माफ केलं. माफ करायला तिला गुन्हेगार ठाऊकच कुठं होता, असं मग मीच मला सांगायचो आणि दुसरा कप घ्यायचो. तिचा मला रागही येतो, तेही लिहून टाकतो. तिनं आरडाओरडा करायला हवा होता. चारचौघांत माझी गचांडी धरायला हवी होती. न बोलणारी माणसं दुसऱ्याला सुटायची वाटच ठेवत नाहीत.

एवढं लिहून झालं आणि वाटलं, पुरवणीकडे पाठवण्यापूर्वी अक्काला वाचून दाखवावं. घरच्या माणसाला पेपरातून कळू नये. गेल्या रविवारी चार वाजता गेलो. अक्कानं दार उघडलं, बस म्हणाली, चहाचा कप आणून माझ्यापुढं ठेवला, आणि आत निघून गेली. मी हाक मारली, "अक्का, बाहेर ये. आज तुझ्याशीच काम आहे."

ती दारात येऊन थांबली. "सवय रे," म्हणाली. "तू आलास की मी आत जायचं. तिनंच लावलेली."

"कसली सवय?"

"'मी असले तर तो बोलणार नाही, अक्का, तू आत जा,' म्हणायची. दर रविवारी. मी आत बसून भाजी निवडायची. तू गेलास की विचारायची तिला, सांगितलंन का? ती म्हणायची, नाही. नि कप उचलायची." अक्का दाराच्या चौकटीला टेकली. "मी म्हटलं हो तिला, तूच विचार की सरळ, एवढी फिल्म कापलीन तुझी, ओळखलीस ना तू मैदानात? तर म्हणायची, मी विचारलं तर तो कबूल करेल नि मोकळा होईल. त्याला आपलं आपण सांगू दे. सांगेल तो."

 शैला माझ्याबरोबर सबंध दिवस कपाटं शोधत होती, धुळीत, त्या खोक्याचं काय झालं ते ठाऊक असताना... समितीपुढे मला बोलू दिलं तेव्हाही. आणि मग दीड हजारांवर रविवार. मी कागद काढले. "अक्का, हे वाचायचंय," म्हणालो.

"मला कशाला वाचतोस? मला माहीतच आहे सगळं," ती म्हणाली, आणि आत गेली.

समोर शैलाची वेताची खुर्ची होती. मी वाचलं. पहिल्यापासून, मोठ्यानं, कात्रीपाशी न अडखळता, समितीपाशी मात्र अडखळलो. आतून विळीचा आवाज येत होता, तो मध्ये एकदा थांबला आणि परत सुरू झाला. वाचून संपलं. कागदांची घडी घातली. चहा निवून गेला होता.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आली.

"सांगितलंस?"

"हो."

तिनं माझा कप उचलला आणि आत नेला.